शेणखताने जमीन खरंच भुसभुशीत झाली का? घरच्या घरी असं तपासा

शेणखताचा विषय निघाला की सगळे नत्र किती, स्फुरद किती यावरच बोलतात, आणि त्या हिशोबात शेणखत मारच खातं, कारण त्यात नत्र असतं जेमतेम अर्धा टक्का. त्याचं खरं काम वेगळंय. ते मातीची बांधणी बदलतं, म्हणजे पाणी मुरतं, पपडी कमी धरते, मुळांना वाट मिळते. आणि हे बघायला लॅब लागत नाही.

खत टाकायच्या आधी लिंबाएवढी दोन ढेकळं आणा, एक शेताच्या मधलं आणि एक बांधावरच्या गवताखालचं, जिथं कधी नांगर लागलेला नाही. दोन-तीन दिवस सावलीत कडक वाळवा, मग चहाच्या गाळणीत ठेवून पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात अलगद बुडवा आणि बघत बसा. आमच्या काळ्या रानातलं मधलं ढेकूळ मिनिटभरात बुडबुडे सोडत पार फसकलं आणि बांधावरचं तासाभराने पण गाळणीतच होतं, माती तीच, पाऊस तोच! फरक काय तर तिथं गवताची बारीक मुळं, बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकट डिंक मातीचे कण बांधून ठेवतात, आणि शेणखत म्हणजे या सगळ्यांचं खाणं.

ढेकूळ नुसतं फुटलं तर ठीक, पण पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि तासन्‌तास निवळलंच नाही तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली, असू शकते. तिथं नुसत्या खतावर भागत नाही, माती परीक्षण करून जिप्सम लागतं का ते बघा.

दुसरी टेस्ट पाणी मुरण्याची. 6 इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा वाफशावर, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी असताना, जमिनीत 3 इंच ठोका, भेग टाळून, नाहीतर पाणी थेट पाताळात जाईल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल. आत 450 मिली पाणी ओतलं की साधारण एक इंच होतं. पहिलं पाणी मुरू द्या, मग तेवढंच परत ओतून मोबाइलवर वेळ लावा, हा दुसरा आकडाच धरायचा.

आता खत. पूर्ण कुजलेलंच घ्या, हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर अजून थांबा, कच्च्या खतातून तणाचं बी आणि मुळं खाणारी हुमणी अळी फुकट येते. एकरी 5 टन पसरा आणि त्याच दिवशी कुळवाने मिसळा, आठ-आठ दिवस ढीग उन्हात ठेवू नका. रोटाव्हेटर मारून मारून माती पिठासारखी करायची आणि वरून खत टाकून ती बांधायची, याला काही अर्थ नाही.

आणि घाई नको. एकराच्या वरच्या 15 सेंटीमीटर थरात साधारण 8 लाख किलो माती असते. 5 टन खतात निम्मं पाणी, उरलेल्यात माती-राख, म्हणजे खरा सेंद्रिय माल टन-सव्वा टन, थोडक्यात 0.15 टक्के, त्यातलंही बरंचसं आपल्या उन्हात वर्षभरात जळून जातं, त्यामुळे एका ट्रॉलीत चमत्कार होत नाही, दरवर्षी टाकत राहावं लागतं. मुरमाड, हलक्या रानात पाणी धरून ठेवायला त्याचा जास्त उपयोग, भारी काळ्या रानात पाणी आत जायला आणि हवा खेळायला, कारण तिथं पाणी धरायला चिकणमाती मुळातच भरपूर असते.

तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच जागी दोन्ही टेस्ट परत करा. जागा सापडावी म्हणून बांधापासून किती पावलं ते आत्ताच लिहून ठेवा, मी ठेवलं नव्हतं आणि नंतर अर्धा दिवस रानात फिरत बसलो.