तीन सिलिंडरची गाडी आणि नागपूरचा मे: या चुका टाळा

इंजिनच्या तापमानाचा काटा खाली आला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मे महिना, दुपारचे दोन, वर्धा रोड, बुटीबोरी अजून पुढे. काटा लाल पट्टीकडे सरकत होता आणि मी एसी बंद करून, काचा खाली करून गाडी तशीच दामटत होतो. मग काटा एकदम उतरला. म्हटलं, सुटलो. दोनेक किलोमीटरवर गाडीनं दम सोडला.

बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा खालचा होज म्हणजे रबरी पाइप फाटलेला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सगळं रस्त्यावर. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच त्याच्या आकड्याला अर्थ. कूलंट गेलं की तो कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा थंड दाखवू शकतो. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं हवामान खात्याला सांगावं लागलं. तेव्हा आपण सगळे हसलो होतो. स्वतःच्या गाडीच्या काट्याला मात्र कोणी उलट प्रश्न विचारत नाही.

गाडी टोचन करून आणली. मेकॅनिक एवढंच म्हणाला, "काहून चालवून राहिले होते भाऊ? थांबून जायचं न!" हेड (सिलिंडरवरचं धातूचं झाकण) वाकलं होतं, त्याखालचं गॅस्केट उडालं होतं. हेड फेस करून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून घ्यावं लागलं.

इंजिन नाजूक असतं म्हणून हे होतं असं नाही. मारुती ८०० मधलं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घ्या. ती गाडी १९८३ ला आली, २०१४ पर्यंत बनत राहिली आणि नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांत अजूनही एखादी दिसते. पुढचं के-सिरीजचं ९९८ सीसीचं इंजिनही तितकंच चिवट. अडचण एवढीच, की छोट्या इंजिनात शिल्लक फारशी नसते. ऑइल तीन लिटरच्या आसपास, कूलंटही मोजकंच. अर्धा लिटर ऑइल कमी झालं म्हणजे सहावा हिस्सा गेला. त्यात हेड अॅल्युमिनियमचं, तापलं की लवकर वाकतं.

म्हणून काटा अर्ध्याच्या वर चढायला लागला की एसी बंद करा आणि थांबायला सावली मिळेपर्यंत हीटर फुल करा. मे महिन्यात हीटर म्हणजे शिक्षाच, पण त्यानं इंजिनमधली उष्णता आत खेचली जाते. कूलंट शिल्लक असेल तरच याचा उपयोग, हे लक्षात ठेवा. मग गाडी बंद करा आणि अर्धा तास हात लावू नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नये. ते झाकण आत दाब धरून ठेवतं आणि त्या दाबामुळे साधं पाणीसुद्धा ११५ अंशांच्या पुढे जाईस्तोवर उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. लाल झालेल्या इंजिनवर बाटलीभर थंड पाणी ओतणं हीही तशीच घाई. त्यानं हेड वाकतं, कधी तडाही जातो.

यातलं बरंचसं मार्चमध्येच टळू शकतं. गाडी सुरू करा, एसी लावा, समोरचा पंखा फिरतो का ते बघा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर तो लगेच चालू होतो. नसेल फिरत तर फ्यूज, रिले, मोटर, याच क्रमानं तपासा. आणि कूलंटऐवजी बोअरिंगचं पाणी टाकू नका. आपल्याकडच्या बोअरिंगच्या पाण्यानं बादलीवर पांढरा थर चढतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो.

एक सल्ला मात्र इथल्या बऱ्याच गॅरेजांत मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही: "थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईस्तोवर कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू, गाडी तापणार नाही." तापलेल्या गाडीचा खरा आजार त्यानं लपतो. इंजिनला नीट गरम व्हायलाच वेळ लागतो, तोवर कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल देत राहतो आणि अॅव्हरेज पडतं. डिसेंबरमध्ये तर पाच-सात किलोमीटर गाडी थंडच राहते.

ऑइलच्या बाबतीत दोन चुका. पहिली, "ऊन आहे, घट्ट ऑइल टाका." जुन्या इंजिनात ते चालायचं. आजच्या इंजिनात भागांमधली फट कमी आणि ऑइलच्या वाटा बारीक, म्हणून मॅन्युअलात ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असा पातळ ऑइलचा ग्रेड लिहिला असेल तर तेच टाकायचं. दुसरी चूक किलोमीटरची. दहा हजार पूर्ण व्हायची वाट बघत लोक दोन दोन वर्षं काढतात. महाल ते सीताबर्डी एवढंच रोज जाणाऱ्या गाडीचं ऑइल धड गरमही होत नाही, त्यात ओलावा आणि पेट्रोल साठत जातं. किलोमीटर नाही झाले तरी वर्षाला बदला. ऑइलची पट्टी सपाट जागी, गाडी बंद करून पाच मिनिटांनी बघा. वरच्या खुणेच्या वर भरणंही चूकच.

आता त्या थरथरीबद्दल. तीन सिलिंडरचं इंजिन आयडलला चार सिलिंडरसारखं गुळगुळीत चालत नाही, ती त्याची रचनाच आहे. थरथर अचानक वाढली तर मात्र आधी इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ते) बघा, रबर बसलं की सगळी गाडी हलते. सोबत पिकअप गेला, गाडी मिसिंग करते (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही) आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, असं असेल तर वेग कमी करून गॅरेज गाठा. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी वेगळी कॉइल असेल तर निदान सोपं आहे. गॅरेजच्या स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब. तिथेच राहिला तर प्लग बघा, मग इंजेक्टर. हे न करता तिन्ही कॉइल बदलून बिल वाढवणारे भेटतात. आणि हो, वायरिंग बघा. उंदरांना ते फार आवडतं.

चढावर इंजिन कण्हायला लागलं की गिअर खाली घ्या. नागपूरच्या रामझुला पुलावर चौथ्या गिअरमध्ये पंचवीसच्या वेगानं जाणारे रोज दिसतात. पेट्रोल वाचतंय असं त्यांना वाटतं, प्रत्यक्षात पिस्टन-बेअरिंगवर मार बसत असतो.

शेवटचं पावसाचं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी उतरल्यावर अनेकांनी पहिली चूक केली ती "एकदा सेल मारून बघू" ही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर विमाही बऱ्याचदा हात वर करतो. माझ्या ओळखीच्या एकानं गाडीची बॅटरी काढली, गाडी ओढून नेली, तिन्ही प्लग काढून इंजिन हातानं फिरवलं. प्लगच्या भोकांतून चहाच्या रंगाचं पाणी उडालं. ऑइल, फिल्टर बदलून ती गाडी आजही रोज ऑफिसला जाते. त्याच्या शेजाऱ्यानं सेल मारला होता. एकच "टक्" आवाज आला, म्हणाला.