घराजवळची एकच वाट: ठाणे-नवी मुंबईत निसर्गात नियमित चालण्याची सवय कशी लावावी

निसर्गात चालण्याचा संकल्प आपल्याकडे बहुधा पावसाळ्यात होतो आणि गणपती येईपर्यंत मोडतो, कारण तो माळशेजच्या धबधब्यांकडे पाहून केलेला असतो आणि दर रविवारी गाडी काढून इतक्या लांब जाणे कोणालाही फार काळ जमत नाही. तब्येतीसाठी नियमित चालायचे असेल, तर सर्वांत आधी अंतराचा निर्णय घ्यावा. घरातून निघाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत जिथे झाडांच्या सावलीत पाऊल पडेल, अशी एकच वाट निवडावी आणि निदान वर्षभर तीच चालावी.

या बाबतीत आपली दोन्ही शहरे भाग्यवान आहेत. ठाण्याच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा येऊरचा डोंगर थेट वस्तीला भिडलेला आहे. उपवन तलावाकडून वर चढणारा रस्ता तर नवशिक्याला धाप लागण्याइतका चढाचा आणि तरीही पक्का आहे. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना मानपाड्याचे निसर्ग परिचय केंद्र जवळ पडते. नवी मुंबईत खारघरची टेकडी आहे, पारसिकचा डोंगर आहे आणि नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या पाण्याभोवतीची सपाट फेरी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा बऱ्याच वर्षांनी व्यायामाला सुरुवात करणाऱ्यांनी ही सपाट वाट घ्यावी आणि चढाची घाई करू नये.

किती चालावे, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने दिलेले आहे: प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. सुरुवातीला एक दिवसाआड वीस मिनिटे पुरेत आणि दर आठवड्याला त्यात पाच मिनिटांची भर घालावी. चढावर वेग आपोआप कमी होतो, तो होऊ द्यावा. उतारावर मात्र लक्ष हवे, कारण गुडघ्यांवर खरा ताण उतरतानाच येतो. तिथे पावले आखूड टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी हातात काठी घेण्याचा संकोच करू नये. मातीच्या खडबडीत वाटेवर घोट्याभोवतीचे स्नायू सतत तोल सावरत राहतात, आणि हा लाभ सोसायटीच्या फरसबंद आवारात फेऱ्या मारून मिळत नाही. हृदयविकार असेल तर सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि घरी आल्यावर तळपाय नीट तपासावेत.

वाट एकच असली की तिच्यात होणारे बदल दिसू लागतात आणि माझ्या मते सवय टिकते ती याच कुतूहलामुळे. फेब्रुवारीत काटेसावरीखाली थोडे थांबून पाहावे. पान नसलेल्या फांद्यांवर जाड पाकळ्यांची लाल फुले असतात, त्यांतला मध पिण्यासाठी साळुंक्या आणि बुलबुल भांडत असतात आणि अधूनमधून एखादे फूल धप्पकन पायाशी पडते. मे महिन्याच्या अखेरीस डोंगरात नवरंग पक्षी येतो, त्याची शीळ सकाळ-संध्याकाळ ऐकू येते आणि पाऊस जवळ आल्याचे कळते. खाडीकाठच्या वाटेला वेगळी मौज आहे. तिवराच्या (खारफुटीच्या झाडाच्या) पानावर कोरड्या दिवसांत बोट फिरवले, तर झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे बारीक कण बोटाला लागतात आणि ओहोटीच्या चिखलात निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारताना दिसतात. रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो पाहायचे असतील, तर हिवाळ्यापासून मेपर्यंत भरती-ओहोटीची वेळ पाहून निघावे. ठाणे खाडीच्या ज्या भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तो आपल्या इतक्या जवळ आहे, याचा आपण फार कमी उपयोग करतो. ही पाऊण तासाची चाल फोन खिशात ठेवून करावी. कानात गाणी असली, तर पक्षीही ऐकू येत नाहीत आणि मागून येणारे वाहनही.

ऋतूप्रमाणे वेळ बदलावी लागते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि त्यामुळे शरीर थंड होत नाही, म्हणून आठच्या आत परतावे आणि लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी सोबत ठेवावे. हिवाळ्यात सकाळी धुळीचा थर खाली साचतो. दमेकऱ्यांनी समीर अ‍ॅपवर हवेची स्थिती पाहावी आणि ती वाईट असेल तर ऊन चढल्यावर निघावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर पाय ठेवू नये, ओढ्याचे पाणी वाढलेले असताना तो ओलांडू नये आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, कारण लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. खारघरच्या पांडवकड्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात प्रवेशबंदी असते, ती पाळावी.

येऊर हे बिबट्याचे घर आहे. उजाडण्यापूर्वी आणि अंधार पडल्यावर तिथे जाऊ नये, लहान मुलांना पुढे पळू देऊ नये आणि बिबट्या दिसलाच तर न पळता, न वाकता, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकावे. पायांत बंद बूट असावेत, कारण पालापाचोळ्यात फुरसे हा विषारी साप दिसत नाही. अडचणीत सापडलेला प्राणी आढळला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वाटेतले आदिवासी पाडे ही माणसांची घरे आहेत, त्यामुळे अंगणात डोकावून फोटो काढू नयेत.

आजारपण, परीक्षा किंवा घरातल्या लग्नामुळे खंड पडतोच. तीन-चार आठवडे चुकले असतील, तर पूर्वीच्या निम्म्या वेळेपासून सुरुवात करावी, पहिला आठवडा सपाटीवर चालावे आणि पोटऱ्यांचे दुखणे थांबल्यावरच पुन्हा चढाकडे वळावे.