विमानात बसलात आणि विमान हलेना: अशा वेळी काय करावं

आईला घेऊन पुण्याला परतत होते. उत्तरेतलं एक विमानतळ, जानेवारीचं धुकं. विमानाचं दार सहा वाजून दहा मिनिटांनी बंद झालं आणि विमान जागचं हललं सव्वादहाला. आईचं वय एकाहत्तर, मधुमेह जुना. "आता विमानात बसलं की खायला मिळेलच," या भरवशावर तिने इन्सुलिन आधीच घेतलं होतं. खाण्याचा डबा चेक-इनच्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात. साडेसातच्या सुमारास तिचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. पलीकडच्या सीटवरच्या एका काकांनी खिशातून राजगिऱ्याची वडी काढून दिली म्हणून निभावलं.

त्या सकाळी मला एकही नियम ठाऊक नव्हता. नंतर बसून सगळे वाचले. कुणाच्या आईवर अशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

तिकीट काढतानाच

तिकिटावर स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल घाला. आपल्याकडे तिकीट एजंट काढतो, भाचा काढतो, ऑफिसातलं कुणी काढतं, आणि नंबर त्यांचाच राहतो. मग वेळ बदलल्याचा मेसेज त्यांना जातो आणि आपण पहाटे तीनला रिक्षा शोधत असतो. शिवाय डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमच आहे की, ज्याने बुकिंग करताना संपर्काचा पुरेसा तपशील दिला नाही त्याला आर्थिक भरपाई देय नाही. एका नंबरापायी हक्क जातो.

डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दिल्लीकडे जायचं असेल तर पहाटेचं विमान टाळा. तिथलं धुकं रात्री उतरतं आणि ऊन चढेपर्यंत हटत नाही. दुपारचं विमान हजारभर रुपयांनी महाग पडलं तरी घ्यावं, असं माझं मत आहे. सोबत म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर नक्कीच.

घरून निघण्याआधी आपलं विमान कुठून येणार आहे ते पाहा. फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर ते दिसतं. जे विमान तुम्हाला न्यायचं आहे ते अजून दुसऱ्याच गावी उभं असेल, तर बोर्डावर 'वेळेवर' लिहिलेलं असलं तरी ते वेळेवर सुटणार नाही.

हातातल्या बॅगेत काय हवं

औषधं. सगळी, आणि एका दिवसाची जास्त. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. इन्सुलिन तर चेक-इनच्या सामानात कधीच टाकू नका. सामानाच्या कप्प्यातल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकतं. आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसाच्या खिशात, वरच्या कप्प्यात नव्हे, खिशात, साखर किंवा चिक्की हवी. विमान हळूहळू सरकत असेल तर वरचा कप्पा उघडू देत नाहीत.

पाण्याची रिकामी बाटली सुरक्षा तपासणीतून नेता येते. आत गेल्यावर ती भरून घ्या. कोरडं खाणं ठेवा: दशम्या, धपाटे, भाजलेले शेंगदाणे. बाळ असेल तर दुधाची आणि लंगोटांची सोय ठरल्यापेक्षा दुप्पट. फोन गेटवरच पूर्ण चार्ज करा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायची असते, पण ती विमानात वापरू देतीलच असं धरून चालू नका.

दार बंद झालं आणि विमान थांबलं

पहिलं काम: घड्याळ पाहून दार बंद झाल्याची वेळ टिपून ठेवा. फोनमध्ये नोंद करा किंवा स्वतःलाच मेसेज पाठवा, म्हणजे वेळ आपोआप उमटते. कॅप्टनने काय सांगितलं आणि किती वाजता, पाणी कधी दिलं, एसी कधी बंद पडला, हे सगळं त्याच ओळीखाली लिहीत जा. पुढे तक्रार करताना "खूप वेळ बसवून ठेवलं" याला काही किंमत नसते. "६.१० ला दार बंद, ८.४० पर्यंत पाणी नाही" याला असते.

दुसरं, कारण विचारा. धुकं आहे, एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाचा, स्लॉट (उड्डाणाची नेमून दिलेली वेळ) नाही, तांत्रिक बिघाड आहे, की वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपत आलेत? या कारणावर तुमचे पुढचे सगळे हक्क अवलंबून आहेत. हवामान, एटीसी, सुरक्षेचा धोका, संप, नैसर्गिक आपत्ती अशी कारणं 'असाधारण परिस्थिती'त मोडतात आणि तिथे कंपनीला बरीच सूट मिळते. यंत्रातला नेहमीचा बिघाड किंवा कर्मचाऱ्यांचं नियोजन चुकणं ही कंपनीची स्वतःची जबाबदारी. पुष्कळदा सकाळी धुक्याने सुरुवात होते, धुकं नऊला निवळतं, आणि अकरापर्यंत विमान उभं राहतं ते वैमानिकाचे तास संपले म्हणून. अशा वेळी दोन्ही कारणं, दोन्ही वेळांसकट लिहून ठेवा.

थांबलेल्या विमानात काय चाललेलं असतं हे माहीत असलं की निम्मी घालमेल कमी होते. इंजिनं बंद असताना दिवे आणि एसी बहुधा शेपटीतल्या एका छोट्या इंजिनावर चालतात. त्याला एपीयू म्हणतात. भर उन्हात भरलेलं विमान थंड ठेवताना त्याची दमछाक होते. ते बंद असेल तर बाहेरून वीज आणि गार हवा जोडता येते. म्हणून गुदमरायला लागलं की "एसी लावा" असं म्हणण्यापेक्षा "एपीयू चालू आहे का? नसेल तर बाहेरून हवा जोडायला कॅप्टनना सांगाल का?" असं विचारा. नेमक्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. डोक्यावरचे हवेचे झरोके पूर्ण उघडा आणि उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांचे पडदे खाली ओढा.

कॅप्टन विमान परत टर्मिनलकडे का वळवत नाही, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. धावपट्टीच्या रांगेतून बाहेर पडलं की नंबर जातो. टर्मिनलला जागा रिकामी असेल असंही नाही. उभं राहून इंधन कमी झालं तर ते पुन्हा भरावं लागतं, आणि प्रवासी आत असताना इंधन भरायचं तर पट्टे सोडून बसायला सांगतात, पटकन उतरता यावं म्हणून. ही घोषणा ऐकली तर घाबरू नका, ती नेहमीची पद्धत आहे.

स्वच्छतागृहासाठी संकोच करू नका. विमान सरकत असेल तेव्हा उठू देत नाहीत, ते बरोबरच आहे. पूर्ण थांबलेलं असेल तर बटण दाबून विचारा, बहुतेक वेळा सोडतात. सोबतच्या वयस्कर माणसांना पाणी कमी पिऊ देऊ नका. लघवीला जावं लागेल म्हणून आपल्या आया-आत्या पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते. दर अर्ध्या तासाने बसल्या बसल्या टाचा वर-खाली करा, पोटऱ्या ताणा, जमलं तर उभं राहून दोन पावलं टाका. पायात रक्त साकळू नये म्हणून.

कुणाला छातीत दुखतंय, श्वास लागतोय, साखर उतरलीय, तर थेट शब्दांत सांगा: "ही वैद्यकीय अडचण आहे, डॉक्टर हवेत." "जरा बरं वाटत नाहीये" असं म्हणू नका. मी तसंच म्हटलं होतं, आणि त्या मुलीने फक्त पाणी आणून दिलं. तिची चूक नव्हती, तिला समजेल असं मी सांगितलंच नव्हतं.

आवाज चढवू नका. केबिन क्रूची माणसंही तुमच्याइतकाच वेळ त्या विमानात अडकलेली असतात, आणि दार उघडायचा निर्णय त्यांच्या हातात नसतो. दमदाटी, धक्काबुक्की झाली तर नो-फ्लाय, म्हणजे विमानप्रवासबंदीच्या यादीत नाव जाऊ शकतं: शिवीगाळ वगैरेला ३ महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकला तर ६ महिन्यांपर्यंत, जीवावर बेतेल असं काही केलं तर किमान २ वर्षं. आपत्कालीन दाराला तर हातच लावू नका.

उतरायचं असेल तर

१४ जानेवारी २०२४ ची रात्र आठवा. गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान, आधीच कित्येक तास उशिरा, दिल्लीतल्या धुक्यामुळे मुंबईकडे वळवलं गेलं. टर्मिनलला जोडलेली जागा न मिळता ते लांबच्या बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, उभं राहिलं. दमलेले प्रवासी खाली उतरले आणि तिथेच विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले. ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. विमानतळ सुरक्षा पाहणाऱ्या बीसीएएसने कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड केला. मुंबई विमानतळाच्या चालकांना बीसीएएस आणि डीजीसीए मिळून ९० लाखांचा. त्या प्रवाशांबद्दल माझ्या मनात फक्त कणव आहे. तरी ते करू नये. तिथे चालू इंजिनं असतात, इंधनाच्या गाड्या धावतात, आणि रात्री जमिनीवर बसलेलं माणूस चालकाला दिसेलच असं नाही.

त्यानंतर मार्च २०२४ मध्ये बीसीएएसने मार्ग काढून दिला: विमानात बसल्यावर फार उशीर होत असेल तर प्रवाशांना उतरवून विमानतळाच्या प्रस्थान दारातून बाहेर सोडता येतं. निर्णय विमान कंपनी आणि सुरक्षा यंत्रणांचा. म्हणून दोन-अडीच तास उलटल्यावर आजूबाजूच्या आठ-दहा जणांशी बोला आणि एकाने सगळ्यांच्या वतीने केबिन प्रमुखांना शांतपणे विचारावं: "बीसीएएसच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे ज्यांना उतरायचंय त्यांना उतरवता येईल का?"

उतरण्याआधी मात्र एक गोष्ट पक्की करा. आपण आपणहून उतरलो तर तिकीट 'नो शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही असं, धरणार की परतावा देणार? उत्तर मेसेजवर किंवा कागदावर घ्या. तुमची चेक-इन बॅग विमानातून काढावीच लागते, त्यात बाकीच्यांचाही वेळ जातो. आणि पुन्हा आत यायचं तर सुरक्षा तपासणी नव्याने.

देशांतर्गत प्रवासात नियमाने काय मिळतं

अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला २ तास उशीर झाला तर खाणं-पिणं. मुंबई-दिल्ली, पुणे-बंगळूर यात आलं. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला ही मर्यादा ३ तासांची, त्याहून लांबच्या प्रवासाला ४ तासांची. उशीर ६ तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यातलं एक तुम्ही निवडायचं. २४ तासांहून जास्त उशीर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या विमानाला ६ तासांहून जास्त उशीर झाला, तर हॉटेल.

नुसत्या उशिरासाठी आपल्याकडे रोख भरपाई नाही. विमान वेळेत न कळवता रद्द केलं तर आहे: प्रवास १ तासापर्यंतचा असेल तर ५,००० रुपये, २ तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली जी रक्कम कमी असेल ती. असाधारण परिस्थिती असेल तर या बहुतेक जबाबदाऱ्यांतून कंपनीला सूट आहे. कारण टिपून ठेवा असं वर म्हटलं ते यासाठी.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांना एवढं सांगून ठेवा: तिथे सरकारी नियमच आहे, देशांतर्गत विमानांना २०१० पासून आणि आंतरराष्ट्रीय विमानांना २०११ पासून. अमेरिकेतल्या विमानतळावर देशांतर्गत विमानात ३ तास आणि आंतरराष्ट्रीय विमानात ४ तास उलटण्याआधी प्रवाशांना उतरण्याची संधी द्यावी लागते. अपवाद फक्त सुरक्षेचा आणि एटीसीचा. २ तासांच्या आत खाणं आणि पाणी, आणि चालू स्वच्छतागृह हेही त्यातच.

युरोपीय संघातून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान कंपनीच्याच दोषाने ३ तास किंवा जास्त उशिरा पोचलं तर २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते. म्हणजे फ्रँकफर्ट-मुंबई एअर इंडियाचं असलं तरी चालतं, मुंबई-फ्रँकफर्टला मात्र कंपनी युरोपीय हवी. ब्रिटनमधून निघतानाही असाच नियम आहे, रक्कम पौंडांत.

घरी आल्यावर तक्रार

त्याच आठवड्यात लिहा, राग ताजा आहे म्हणून नव्हे तर तपशील ताजा आहे म्हणून. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल. पत्र लांब नको:

"पीएनआर अमुक. विमान क्रमांक अमुक, तारीख अमुक. ठरलेली वेळ ६.१५. दार ६.१० ला बंद, विमान हललं १०.१५ ला. ८.४० ला 'तांत्रिक कारण' अशी घोषणा. या काळात खाणं दिलं नाही. सोबत ७१ वर्षांच्या मधुमेही प्रवासी होत्या. उशिराचं कारण लेखी कळवावं आणि खर्चाचे अमुक रुपये परत करावेत."

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग अपिलीय अधिकाऱ्याकडे. दोघांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तेवढ्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, मग विमान कुठेही अडकलेलं असो. घटनेपासून २ वर्षांची मुदत आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

बोर्डिंग पास आणि विमानतळावरची बिलं घरी पोचल्या दिवशीच फोटो काढून ठेवा. तो कागद उष्णतेने छापलेला असतो; पाकिटात दोन-तीन महिने राहिला की अक्षरं पुसट होतात. माझ्या आईच्या पासवर आता फक्त सीटचा नंबर दिसतो, १४ सी.