समर म्युझिक कॅम्प कसा निवडावा: आधी एका मंगळवारचं वेळापत्रक मागा

थँक्सगिव्हिंगच्या आसपास आमच्या बॉस्टनकडच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: "मुलगी नववीत आहे, व्हायोलिन वाजवते. इंटरलॉकनला पाठवू की टँगलवुडला?" मग तिघं-चौघं आपापल्या मुलांच्या कॅम्पची नावं टाकतात आणि बघता बघता गाडी कॉलेज ॲडमिशनवर घसरते. माझी लेक व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवते, आता अकरावीत आहे. गेले काही उन्हाळे आमचे याच कॅम्पांच्या मागे गेलेत, म्हणून असे प्रश्न हल्ली खासगीत माझ्याकडे येतात. प्रत्येकीला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

नावाचं आधी बाजूला ठेवा. कॅम्पच्या ऑफिसला ईमेल करा आणि मागच्या वर्षीच्या एखाद्या साध्या मंगळवारचं वेळापत्रक मागा. कॉन्सर्टचा दिवस नको, पालक भेटायला येतात तो रविवारही नको. उठल्यापासून झोपेपर्यंत मूल काय करणार, त्यात एकट्याने प्रॅक्टिस किती, क्वार्टेट (चौघांनी मिळून वाजवणं) किती, ऑर्केस्ट्रा किती आणि मोकळा वेळ किती, हे कागदावर दिसलं की निम्मा निर्णय तिथेच होतो. ब्रोशरमध्ये नुसते तळ्याचे फोटो असतात.

हे वेळापत्रक जागोजागी किती वेगळं असतं बघा. न्यूयॉर्क राज्यात ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात मेडोमाउंट आहे. व्हायोलिनचे नामांकित शिक्षक इव्हान गॅलॅमियन यांनी ते १९४४ साली सुरू केलं. त्याची ख्याती प्रॅक्टिससाठी. रोज पाच तास खोलीत एकट्याने वाजवायचं ही तिथली जुनी परंपरा, आणि आतून आवाज येतोय ना हे बघायला कॉरिडॉरमध्ये कुणीतरी फिरत असायचं. इत्झाक पर्लमन, यो-यो मा, जोशुआ बेल ही सगळी मंडळी तिथे शिकून गेलेली. माझ्या सासऱ्यांच्या लेखी व्हायोलिन म्हणजे व्ही. जी. जोग, बाकी सगळं नंतर. त्यांना मी या जागेबद्दल सांगितलं तर म्हणाले, "मग हे तर आपलं गुरुकुलच." ज्या मुलाला एखादा काँचेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) पक्का बसवायचाय किंवा हाताची बैठक मुळापासून सुधारायची आहे आणि ज्याला एकट्याने बसायचा कंटाळा नाही, त्याला हे मानवतं. घरी दर वीस मिनिटांनी फ्रीज उघडायला उठणाऱ्या मुलाला पाठवायच्या आधी दोनदा विचार करा.

याच्या दुसऱ्या टोकाला मॅसॅच्युसेट्समधल्या कमिंग्टनचा ग्रीनवुड आणि व्हरमाँटमधल्या वेस्टनचा किनहेवन. मुलं थोडी, जागा खेडेगावातली आणि मुख्य भर चेंबर म्युझिकवर, म्हणजे थोड्याच वादकांनी मिळून वाजवण्यावर. चौघांनी एकमेकांचं ऐकत, भांडत, परत जुळवत हायडनचा एक क्वार्टेट उभा करायचा. ऑर्केस्ट्रातल्यासारखी पहिली खुर्ची (आपल्या वाद्याच्या गटातली पुढची, मानाची जागा) कुणाची ही चढाओढ नसते. लेक जात्याच लाजरी. ऑर्केस्ट्रात ती मागच्या रांगेत खुशाल लपायची. क्वार्टेटमध्ये व्हिओला एकच असल्यामुळे लपायची सोयच उरली नाही. तिच्यासाठी हाच प्रकार योग्य निघाला, पण म्हणून तुमच्या मुलालाही तो मानवेलच असं नाही.

ऑर्केस्ट्रात वाजवायला आवडत असेल तर लेनॉक्समधला बॉस्टन युनिव्हर्सिटीचा टँगलवुड इन्स्टिट्यूट बघा, हा १९६६ पासून चालू आहे. नुसतं 'टँगलवुड' म्हणताना लोक नेहमी गल्लत करतात: हायस्कूलच्या मुलांसाठी आहे तो हा. टँगलवुड म्युझिक सेंटर वेगळं, ते पुढच्या टप्प्यावरच्या तरुण वादकांसाठी. इन्स्टिट्यूटची खरी चैन म्हणजे बॉस्टन सिंफनी उन्हाळाभर शेजारीच वाजवत असते. दिवसा स्वतः वाजवायचं आणि संध्याकाळी जाऊन त्यांना ऐकायचं. मिशिगनमधलं इंटरलॉकन १९२८ पासूनचं. ते भलंमोठं, तिथे नाटक, नृत्य, चित्रकलाही चालते. युनिफॉर्म असतो, आणि उन्हाळ्याची सांगता दरवर्षी लिस्टच्या 'ले प्रेल्यूद'ने होते. गर्दी, गडबड, नवे मित्र हवे असलेल्या मुलांना ते फार आवडतं. न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवर पर्लमन म्युझिक प्रोग्रॅम आहे. तिथे १२ ते १८ वयाची जेमतेम चाळीसेक मुलं घेतात आणि सगळ्यांना कोरसमध्ये गावंच लागतं. प्रवेश फार अवघड, पण तंतुवाद्याच्या मुलाला गायला लावणं मला मनापासून पटतं.

कार्नेगी हॉलची नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रा २०१३ पासून आहे. ती १६ ते १९ वयासाठी, आणि १४ ते १७ साठी तिचीच धाकटी ऑर्केस्ट्रा. निवड झाली तर फी नाही. मात्र अर्जाची गडबड बाकीच्यांपेक्षा लवकर सुरू होते, आणि नागरिकत्व-वास्तव्याच्या अटी असतात. एच-४ (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या घरांनी मुलाला सांगायच्या आधी त्या वाचाव्यात.

प्रकार ठरला की पुढचा प्रश्न, शिकवणार कोण? वेबसाइटवर झळकणारं मोठं नाव पूर्ण उन्हाळा तिथे असतं की दोन दिवस मास्टरक्लास घेऊन निघून जातं, हे सरळ विचारा. आठवड्याला वैयक्तिक लेसन किती? क्वार्टेटचं कोचिंग कोण करतं, मुख्य शिक्षक की कॉलेजमधली मुलं? शिक्षक आपण निवडायचा की ते देतील? आपल्या नेहमीच्या टीचरशी बोलल्याशिवाय तर अर्जच करू नका. नव्या शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात बो (गज) धरायची पद्धत बदलली आणि सप्टेंबरमध्ये जुन्या टीचरने ती परत फिरवली, तर मुलाचे हाल होतात. टीचर स्वतः दोन-तीन नावं सुचवतील, त्यांच्या ओळखीची माणसं तिथे असतील, ती यादी कुठल्याही रँकिंगपेक्षा भरवशाची. मूल बारा-तेरा वर्षांचं असेल आणि कधी घराबाहेर राहिलं नसेल, तर एकदम सहा आठवड्यांवर उडी नको. आधी सुझुकी पद्धतीने शिकणाऱ्या मुलांसाठीचा आठवडाभराचा सुझुकी इन्स्टिट्यूट किंवा गावातल्या यूथ ऑर्केस्ट्राचा दिवसाचा कॅम्प करून बघा.

आता ऑडिशन. बहुतेक ठिकाणी व्हिडिओ पाठवायचा असतो, आणि मुदती साधारण जानेवारी-फेब्रुवारीत संपतात. सहसा दोन वेगळ्या स्वभावाचे तुकडे मागतात, त्यातला एक बऱ्याचदा बाखचा, कुठे कुठे स्केल्सही. एक तुकडा सलग, मध्ये न कापता. वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड केलेले चालतात का, पियानोची साथ हवी का, हे प्रत्येक ठिकाणी तपासा. फोन ट्रायपॉडवर, छातीच्या उंचीला, आठ-दहा फुटांवर. डाव्या हाताची बोटं आणि बो टोकापासून टोकापर्यंत दिसला पाहिजे. बोचं टोक फ्रेमबाहेर जात असेल तर फोन मागे घ्या. फोन एअरप्लेन मोडवर. फ्रीज आणि हीटर तेवढ्यापुरते बंद करा, कारण अमेरिकेतल्या विजेची गुणगुण ६० हर्ट्झची, म्हणजे बी फ्लॅट आणि बी यांच्या मधोमध, आणि बाखच्या शांत जागी ती ऐकू येते. आणि घरातल्यांना सांगून ठेवा. आमचा सगळ्यात चांगला टेक साराबांद या संथ रचनेच्या शेवटच्या ओळीत कुकरच्या शिट्टीने गेला. शेजारच्या बर्नरवरची आमटी मात्र झकास झाली होती.

व्हिओलावाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: व्हायोलिनची गर्दी कायम असते, व्हिओला आणि डबल बास कमी. त्यामुळे प्रवेशाला आणि कधी कधी आर्थिक मदतीलाही आपलं पारडं थोडं जड असतं. मदतीचा अर्ज अनेकदा वेगळा असतो, त्याची मुदत वेगळी, आणि टॅक्स रिटर्न मागतात. सहा-सात आठवडे राहण्या-जेवणासकट खर्च हजारो डॉलरांत जातो, काही ठिकाणी पाच आकडी. मागायला लाजू नका. "आपल्याला कुठली मिळणार" म्हणून अर्जच न करणारी मंडळी मी पाहिलीत.

ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही ती गोष्ट म्हणजे हात. शाळेच्या दिवसांत मूल तास-दीड तास वाजवतं. कॅम्पला पोचल्यावर लेसन, क्वार्टेट, ऑर्केस्ट्रा आणि स्वतःची प्रॅक्टिस मिळून पाच-सहा तास होतात, आणि ते एका रात्रीत. मनगट, कोपर, डावा खांदा दुखायला लागतो. मूल सांगत नाही, कारण शेजारचा मुलगा सात तास वाजवत असतो. मेपासून वेळ हळूहळू वाढवत न्या, पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी उठायची सवय लावा, आणि दुखलं तर नर्सकडे जायचं, शिक्षकाला सांगायचं, हे निघायच्या आधी स्पष्ट बोला. व्हिओलाचं माप वाढवायचं असेल, पंधरा इंचावरून साडेपंधरावर, तर ते कॅम्पच्या तोंडावर नको. वसंतातच करा, म्हणजे हाताला सवय व्हायला वेळ मिळतो. कॅम्पला विचारायच्या प्रश्नांत हाही घाला: "एखाद्याचा हात दुखला तर तुम्ही काय करता?" उत्तर अडखळत आलं तर मी ती जागा यादीतून काढते.

वाद्याचंही तसंच. लाकडी केबिन, पावसाळी हवा, मग अचानक एसी. खुंट्या कधी अडकतात, कधी घसरतात. केसमध्ये ह्युमिडिटी मीटर, तारांचा एक जादा सेट आणि रोझिन (बोला लावायची राळ) ठेवा. कॅम्पवर वाद्य दुरुस्त करणारा लूथिअर येतो का ते विचारा. उघड्यावर वाजवायचं असेल तर कार्बन फायबरचा बो पाठवा आणि चांगला बो घरी ठेवा. विमा हवाच, वाद्य भाड्याचं असलं तरी. आणि उन्हात गाडीत वाद्य ठेवायचं नाही, अगदी "पाच मिनिटांत येते"साठीसुद्धा.

खाण्याची काळजी आज्यांना जास्त. शाकाहारी मुलांना हल्ली बहुतेक कॅम्पवर उपाशी राहावं लागत नाही, पण पास्ता आणि सॅलडला तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. चिवडा आणि लाडूंचे डबे पाठवण्याआधी नियम वाचा: जंगलातल्या केबिनमध्ये खाणं ठेवायला सहसा मनाई असते, कारण उंदीर आणि अस्वलं.

आपल्या घरांतला मोठा अडसर म्हणजे भारतवारी. न्यू इंग्लंडमधल्या शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालतात. काही कॅम्प त्याच सुमारास सुरू होऊन ऑगस्टच्या सुरुवातीला संपतात. मध्ये लग्नकार्य, मुंज, आजोबांची पंच्याहत्तरी बसत नाही. तिकिटं काढायच्या आधी कॅम्पच्या तारखा बघा, आणि शाळेचे शेवटचे दिवस बुडणार असतील तर प्रिन्सिपलना मार्चमध्येच लिहा. लांबचा कॅम्प नको असं घरात ठरलं तर तीन आठवड्यांचे कार्यक्रमही आहेत, त्यांना कमी समजू नका.

कॉलेजसाठी म्हणून कॅम्प निवडू नका. संगीतातच पुढे जायचं असेल तर एखाद्या शिक्षकाकडे उन्हाळाभर शिकणं कामाला येतं, नुसतं नाव नाही.

निकाल साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतात, पण सगळ्यांचे एकाच दिवशी नाही. पहिल्या कॅम्पने आठवड्याभरात डिपॉझिट मागितलं आणि दुसऱ्याचा निकाल बाकी असेल, तर मुदत वाढवून मागा. नम्रपणे लिहिलं की बरेचदा देतात. डिपॉझिट परत मिळत नाही, हे धरून चाला. शेवटच्या कॉन्सर्टचं लाइव्हस्ट्रीम असेल तर भारतात आधी कळवा: इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिथे पहाटेचे साडेचार. आणि स्वतः जाणार असाल तर हॉटेल एप्रिलमध्येच बुक करा. लेनॉक्सकडे उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी खोली मिळाली तरी भाडं ऐकून घाम फुटतो.