मोंढ्याचं दप्तर: या चुका टाळा

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारात, आडतीचं (शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकण्याच्या धंद्याचं) दप्तर सांभाळताना दर हंगामाला नवीन पोरं हाताखाली येतात. आल्याबरोबर रंगीत पेनं, चिकट चिठ्ठ्या, जाड पुठ्ठ्याची डायरी घेतात. चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागात पडते ती वजनकाट्याची पावती. प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवली की काम झालं, असं पोरांना वाटतं. बऱ्याच काट्यांवर ही पावती थर्मल कागदावर निघते. तिच्यात शाई नसतेच. कागदावरच्या लेपाला उष्णता लागली की अक्षर उमटतं. म्हणून ऊन, हाताचं तेल आणि मऊ प्लॅस्टिक यांनी अक्षर उडतं, आणि फार तापलं तर अख्खा कागद काळा पडतो.

एका वर्षी सोयाबीनची गाडी ऑइल मिलला गेली. हिशोब लांबत लांबत मे महिन्यात आला, आणि वजनात तूट दाखवून त्यांनी ६ क्विंटलचे पैसे कापले. मी फाइल काढली. पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढलेल्या पाकिटातून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या निघाल्या. गाडीचा नंबर नाही, वजन नाही. पोरगं म्हणालं, "काका, फोटो होता, पण मोबाइल बदलला." शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या पैशांचे हिशोब, आम्ही आधीच चुकते केलेले. तूट आमच्याच खात्यावर बसली.

तेव्हापासून पावती हातात आली की आधी झेरॉक्स. मग भरलेलं, रिकामं आणि निव्वळ अशी तिन्ही वजनं वहीत, बॉलपेननं. 'संध्याकाळी एकदम करू' हे माझ्याकडे चालत नाही. संध्याकाळी आणखी वीस गाड्या आलेल्या असतात. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. आपल्याकडच्या पत्र्याखाली ही पावती दोन उन्हाळेसुद्धा काढील याचा मला भरवसा नाही.

दुसरी चूक कूलरची. पारा ४२ च्या वर गेला की कूलर लागतो, आणि त्याचं तोंड नेमकं प्रिंटरकडे. कागद ओलावा ओढतो, कडा वाकतात, दोन-दोन पानं एकदम आत जाऊन अडकतात. मग प्रिंटरला शिव्या आणि मेकॅनिकला फोन. मी रीम फोडली की पन्नासेक पानं ट्रेमध्ये ठेवतो, बाकीची त्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात. कूलरचं तोंड माणसांकडे वळवा.

कार्बन घातलेल्या बिलबुकात जेल पेन वापरू नका. ते हलक्या हातानं चालतं, खालची प्रत कोरी राहते. चाळीस पानांच्या गठ्ठ्याला १० नंबरची पिन लागत नाही, भोकं पाडून टॅग ओवा. रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, व्हाइटनर अजिबात नको: चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही.

आणि चिकट चिठ्ठीवर शेतकऱ्याची उचल लिहिणं मला खरोखर सहन होत नाही. 'फोन करायचा आहे' एवढ्यापुरतीच ती चिठ्ठी. पंख्याखाली गोंद सुटतो, चिठ्ठी कपाटामागं जाते, आणि पट्टीच्या दिवशी समोर उभ्या माणसाशी आकड्यावरून वाद होतो. त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा तो हिशोब असतो. मी नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतो: लेकरा, आधी वहीत नाव, गाव, रक्कम लिही, सही किंवा अंगठा घे, मग पेटीला हात लाव.