विलकॉक्सन लावण्याआधी जोड्या मोजा

आधी-नंतरच्या पाचच जोड्या असतील तर विलकॉक्सन साइन्ड-रँक चाचणीत (जोड्यांमधले फरक लहान-मोठ्या क्रमाने लावून खरा बदल झाला का ते पाहणारी चाचणी) दोन्ही बाजूंचा (वाढ आणि घट दोन्ही धरणारा) पी, म्हणजे खरा बदल नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या खाली जाऊच शकत नाही, सगळे फरक एकाच दिशेने गेले तरी.

मोजमापं घेण्याआधीच हे तपासा. २ हा आकडा घ्या आणि जितक्या जोड्या तितक्या वेळा निम्मा करा. पाच जोड्यांना ०.०६२५, सहांना ०.०३१२५. हा शक्य असलेला सर्वांत लहान पी. म्हणजे किमान सहा जोड्या हव्यात, आणि तिथेही एक फरक उलटा गेला की संपलं. आठ-दहा असलेल्या बऱ्या.

जोड्या नसलेल्या दोन स्वतंत्र गटांसाठी अशीच मान-व्हिटनी चाचणी असते; तीत प्रत्येक गटात ३-३ नमुने असतील तर पी ०.१ च्या खाली जाऊ शकत नाही. ४-४ ला साधारण ०.०२९.

जपा: फरक शून्य आलेली जोडी विलकॉक्सनमध्ये सहसा गळते. सहातली एक गळली की पुन्हा पाचच.