टर्मिनलमध्ये मराठी शुद्धलेखन तपासताय? या चुका टाळा

गड्डा यात्रेच्या तोंडावर सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानदाराचं चादरींचं दरपत्रक माझ्याकडे टाइप करायला आलं. व्हिम या टर्मिनलमधल्या मजकूर-संपादकात उघडलं तर ‘दुसऱ्या’ या शब्दाखाली लाल रेघ. शब्द बरोबर आहे म्हणून झेड-जी दाबून व्हिमच्या बरोबर शब्दांच्या यादीत घातला, रेघ गेली. पुढच्या परिच्छेदात तोच ‘दुसऱ्या’, पुन्हा लाल.

मराठीत ही गफलत सगळ्यांत जास्त वेळ खाते. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, युनिकोड क्रमांक 0931. दुसऱ्यात साधा ‘र’ म्हणजे 0930, त्याला हलंत आणि मागे एक न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. माझ्याकडचा अर्धा मजकूर दुकानदाराच्या मोबाइलवरून आला होता, तिथेच ही सरमिसळ झाली. शंका आली की कर्सर त्या अक्षरावर ठेवून जी आणि ए दाबा, क्रमांक खाली दिसतो. दोन्ही रूपं यादीत घालत बसू नका. आधी सगळा मजकूर 0931 वर आणा, मग तपासा. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही असंच. तो एकच अक्षर म्हणून टाइप होतो, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन.

दुसरी चूक घाईची. सोलापूरचं सामान्यरूप होताना ‘पू’ ऱ्हस्व होतो: सोलापुरात, सोलापुराला. यादीत मूळ शब्द असला तरी अशी रूपं असतीलच असं नाही, त्यामुळे ती लाल दिसू शकतात. ती जरूर घाला. पण त्या ओघात नुसतं ‘सोलापुर’ही आत गेलं, तर ती चूक पुढच्या प्रत्येक कामात बिनबोभाट सुटेल. चुकून घातलेला शब्द झेड-यू-जीने काढता येतो. जेकार्ड, गड्डा, शेंगाचटणी हे आपले रोजचे शब्द मात्र निःशंक घाला.

मुळात मराठी तपासणी सुरूच होत नसेल, तर बहुधा यादीच नसते. व्हिमसोबत इंग्रजीची यादी येते, मराठीची येत नाही. हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या मराठी फाइली मिळवून व्हिमच्या एमके-स्पेल आज्ञेने ती बनवावी लागते. एका ओळीत एक शब्द अशी साधी यादीही चालते. मग स्पेललँग या भाषेच्या सेटिंगमध्ये एमआर (मराठी) आणि ईएन (इंग्रजी) स्वल्पविराम देऊन लिहा, म्हणजे दरपत्रकातले इंग्रजी शब्द उगाच लाल होणार नाहीत.

नॅनो हा दुसरा टर्मिनल-संपादक वापरणाऱ्यांनी डेबियन किंवा उबंटू लिनक्सवर अस्पेल या तपासणी प्रोग्रॅमचं मराठी पॅकेज अस्पेल-एमआर बसवावं आणि नॅनोआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये स्पेलर म्हणून अस्पेल लावताना भाषा एमआर सांगावी. नॅनोच्या पाचव्या आवृत्तीपासून तपासणीसाठी कंट्रोल-टी दोनदा दाबावं लागतं, जुन्यात एकदाच. अस्पेलची वैयक्तिक यादी हाताने लिहिणार असाल, तर पहिल्या ओळीच्या शेवटी यूटीएफ-8 हवंच. ते राहिलं की देवनागरीचा चुराडा होतो.

आणि झेड-जीने घातलेल्या शब्दांची व्हिमची फाइल हाताने दुरुस्त केलीत, तर एमके-स्पेल उद्गारचिन्हासह पुन्हा चालवा, नाहीतर काढलेला शब्द आधी बनवलेल्या जुन्या यादीतून बरोबरच ठरत राहतो.